काहींचं नेट चालतं, काहींचं नाही, आणि बोलणी मला

वाचकाचं पत्र:

ताई, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात दोन सर्व्हर, तीन लॅब, ऑफिस, वायफाय, प्रिंटर सगळं मीच बघतो. तीन आठवडे झाले, रोज अकरा वाजून गेले की नेट जातं, पण सगळ्यांचं नाही, काहींचं चालतं काहींचं नाही. कधी कधी स्क्रीनवर आयपी कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे दोन मशीनना एकच ॲड्रेस गेल्याचा, मेसेज येतो. राउटर रीस्टार्ट केला की अर्धा तास बरं, मग परत तेच. लॅबमध्ये डोमेन लॉगिनला (सर्व्हरवरून तपासून होणारं लॉगिन) पण खूप वेळ लागतो. त्यात गेल्या शनिवारी ॲडमिशनचा लिनक्स सर्व्हर बंद पडला, डिस्क फुल दाखवत होता, मी मोठी लॉग फाइल (सर्व्हर आपल्या नोंदी लिहितो ती) डिलीट केली तरी जागा मोकळी होईना, शेवटी रीस्टार्ट केला तेव्हा चालू झाला. बाहेर पालक रांगेत उभे आणि सर सगळ्या स्टाफसमोर मला बोलले. आता ते म्हणतात सर्व्हर जुना झालाय, नवा घेऊ. सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. मला हे काम जमत नाही का?

उत्तर:

अरे, जमतं की नाही याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. "सगळ्यांचं नाही, काहींचं चालतं काहींचं नाही" हे तू लिहिलंस, "रीस्टार्ट केला की अर्धा तास बरं" हे लिहिलंस, आयपी कॉन्फ्लिक्टचा मेसेज लिहिलास, डिलीट करूनही जागा मोकळी झाली नाही हे पण लिहिलंस. ज्याला हे काम जमत नाही तो नुसतं "नेट बंद आहे" एवढंच लिहितो. तुझी नजर चांगली आहे रे, फक्त जे दिसलं त्यावर विचार करायच्या आधीच तू रीस्टार्टचं बटण दाबतोस, आणि रीस्टार्टने काय होतं तर बिघाडाचा पुरावा पुसला जातो. मेमरीत काय होतं, कुठली प्रोसेस अडकली होती, राउटरने कुणाला कुठला ॲड्रेस दिला होता, सगळं साफ. दुसऱ्या दिवशी तोच बिघाड परत येतो आणि तू परत शून्यावर. म्हणून यापुढे एक नियम स्वतःला लावून घे, रीस्टार्ट करायचाच असेल तर आधी पाच मिनिटं स्क्रीनचे फोटो काढायचे, मग हात लावायचा. बाहेर रांग असली तरी. पाच मिनिटांत पालक निघून जात नाहीत.

आणि सगळ्यांसमोर बोलले ते चुकीचंच झालं, ते मनाला लावून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, लागतंच ते. त्यावर खाली लिहिते. आधी नेटचं बघू.

काहींचं चालतं म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक आहे आणि राउटर पण जिवंत आहे, नाहीतर सगळ्यांचंच गेलं असतं. एवढ्या एका वाक्याने निम्मी शंका संपते, प्रोव्हायडरला फोन लावायची गरज नाही. आता ज्या मशीनचं नेट गेलंय तिच्यासमोर जाऊन बस (सर्व्हर रूममध्ये नाही, त्या मशीनसमोर) आणि आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल ही कमांड मार. त्यात तीन ओळी बघायच्या, आयपी ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे राउटर) आणि डीएचसीपी सर्व्हर (ॲड्रेस वाटणारा). तुझ्या ॲड्रेसची रेंज १९२.१६८.१ ची आहे असं धरून चालते.

आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर त्याचा अर्थ मशीनने ॲड्रेस मागितला आणि तिला कुणी दिलाच नाही, मग विंडोजने स्वतःच एक ठेवून घेतला, ज्याचा बाहेर जायला काही उपयोग नाही. माझा अंदाज आहे तुझ्याकडे हेच निघणार. कारण बघ, राउटरला ॲड्रेस वाटायला एक ठरावीक गठ्ठा दिलेला असतो, बऱ्याच छोट्या राउटरमध्ये तो शेवटचा आकडा १०० ते १९९ एवढाच असतो, म्हणजे शंभर ॲड्रेस. अख्खी रेंज उघडली तरी २५४ च्या वर जात नाही. तुझ्या तीन लॅब आणि ऑफिस मिळूनच तो गठ्ठा बराचसा संपत असणार, आणि अकरा वाजता काय होतं तर पोरं येतात. वायफाय फक्त स्टाफला असेल तर पासवर्ड पोरांकडे कधीच गेलाय हे धरून चाल, एका शिपाईमामांच्या फोनमधून क्यूआर स्कॅन झाला की संपलं. प्रत्येक फोन एक ॲड्रेस घेतो आणि पोरगं घरी गेलं तरी लीजची, म्हणजे ॲड्रेस वापरायला दिलेली, मुदत संपेपर्यंत तो ॲड्रेस त्याच्याच नावावर राहतो. मुदत २४ तासांची असेल तर काल संध्याकाळी गेलेल्या फोनचा ॲड्रेस आज सकाळी पण अडकलेलाच.

रीस्टार्टने अर्धा तास बरं का वाटतं ते पण यातच बसतं. बऱ्याच छोट्या राउटरची ही वाटपाची यादी नुसती मेमरीत असते, बंद केला की यादी कोरी. चालू झाल्यावर त्याला वाटतं सगळेच ॲड्रेस मोकळे आहेत, तो नव्याने वाटत सुटतो, आणि विंडोज ॲड्रेस मिळाला नसेल तर दर पाच मिनिटांनी परत मागत राहते, त्यामुळे अडकलेली मशीन पाच मिनिटांत जिवंत झालेली दिसतात. पण ज्या फोनकडे जुना ॲड्रेस आहे तो तर तो वापरतोच आहे, तोच ॲड्रेस आता लॅबमधल्या मशीनला पण गेला, हा तुझा कॉन्फ्लिक्टचा मेसेज. म्हणजे तुझा उपाय अर्धा तास बरं वाटायला लावत होता आणि वर नवीन दुखणं जोडत होता.

खात्री करायची तर राउटरच्या पेजवर डीएचसीपी क्लायंटची यादी उघड, अकरा वाजता आणि परत साडेअकराला. यादी रेंजच्या शेवटापर्यंत भरलेली दिसली आणि त्यात अर्धी नावं फोनची असली की विषय संपला. आजकाल अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन खरा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा ओळख नंबर) दाखवत नाहीत, बनवलेला दाखवतात, त्यामुळे मॅकवरून फोन ब्लॉक करत बसायच्या भानगडीत पडू नकोस, दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

उपाय काय तर वायफाय आणि लॅब वेगळे करायचे. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर फोन तिकडे ढकल, मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येतात) असेल तर वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं नेटवर्क) कर आणि त्याची रेंज वेगळी ठेव, लीज दोन तासांची पुरे. मुदत कमी केलीस तरी आधी वाटलेले ॲड्रेस जुन्याच मुदतीवर चालतात, म्हणून हा बदल संध्याकाळी सगळे गेल्यावर कर आणि मग राउटर एकदा बंद-चालू कर, इथे रीस्टार्टला कारण आहे. कुणीतरी तुला सांगेल की मास्क (रेंज केवढी ते ठरवणारा आकडा) बदल, २५५.२५५.२५४.० कर, ५१० ॲड्रेस मिळतील. मिळतील खरं, पण सर्व्हर आणि प्रिंटरला हाताने ॲड्रेस दिलेले असतात, त्यांचा मास्क जुनाच राहिला तर अर्ध्या मशीनना प्रिंटर दिसेल अर्ध्यांना नाही, आणि तू परत "काहींचं चालतं काहींचं नाही" वर. तुझ्यासारख्या एकट्या माणसाने ॲडमिशनच्या दिवसांत हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, सुट्टीत कर.

आता समजा १६९ नाही दिसला, भलताच दिसला, १९२.१६८.० चा वगैरे, आणि डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत तुझ्या राउटरचा ॲड्रेस नाहीच. मग कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावलाय, तो पण लॅन पोर्टमध्ये केबल घालून. हे फार कॉमन आहे, स्टाफरूममध्ये रेंज येत नाही म्हणून एखादे सर घरून आणतात, त्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण तो राउटर आपल्या परीने ॲड्रेस वाटायला लागतो आणि मशीनला ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ती ऐकते. शोधायचं असं, त्या बिघडलेल्या मशीनवरून डिफॉल्ट गेटवेला एकदा पिंग (समोरून उत्तर येतं का बघणारी कमांड) कर, मग एआरपी डॅश ए मार, गेटवेसमोर मॅक ॲड्रेस दिसेल, त्याचे पहिले सहा आकडे-अक्षरं कंपनीची असतात, इंटरनेटवर टाकलेस की कुठल्या कंपनीचा डबा आहे ते कळतं. मॅनेज्ड स्विच असेल तर त्याच्या मॅक टेबलमध्ये तो ॲड्रेस कुठल्या पोर्टवर आहे ते दिसतं, केबल धरून चालत जा. साधा स्विच असेल तर एका मशीनवर त्या परक्या गेटवेला सलग पिंग लावून ठेव, एकेक केबल काढ, ज्या केबलला पिंग थांबलं ती धर. मॅनेज्ड स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते, ती चालू केली की परक्या पोर्टवरून ॲड्रेस वाटलेच जात नाहीत. आणि त्या सरांना सगळ्यांसमोर बोलू नकोस, बाजूला घेऊन सांग, आणि स्टाफरूमला वायफाय नीट पोचेल असं काहीतरी करून दे, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरं कुणीतरी आणेल.

आणि तिसरं, ॲड्रेस बरोबर आहे तरी नेट नाही. मग पायरीपायरीने जा, आधी गेटवेला पिंग, मग ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर), मग एनएसलुकअपने एखाद्या साइटचं नाव विचार. गेटवेपर्यंतच पोचत नसेल तर दोष तुझ्या इमारतीतच आहे, केबल, सॉकेट, स्विच. गेटवेपर्यंत पोचतं, पुढे नाही, तर राउटर किंवा बाहेरची लाइन. आकड्याला पिंग जातं आणि नावाला उत्तर येत नाही तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी ॲड्रेस सांगणारी सोय. एक लक्षात ठेव, काही ठिकाणी फायरवॉल पिंगच अडवते, म्हणून नुसतं पिंग जात नाही एवढ्यावर निकाल देऊ नकोस, पण पिंग गेलं तर रस्ता चालू आहे हे नक्की.

सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार डीएनएसचा. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो का, आपल्याकडे रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टा सगळं एकदम गेलं, जवळजवळ सहा तास. लोक म्हणत होते सर्व्हर जळाले, हॅक झाले. तसं काही नव्हतं. मेंटेनन्स चालू असताना दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं आतलं नेटवर्क तुटलं, ते तुटल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी आपल्यापर्यंत यायचे रस्ते जगाला सांगणंच बंद केलं, झालं, पत्ता सांगणारंच कुणी नाही. सर्व्हर जागेवर धडधाकट, पण पोचायचं कसं कुणालाच माहीत नाही. त्यांची स्वतःची आतली टूल्स पण त्यातच अडकली म्हणून दुरुस्तीला एवढा वेळ गेला. तुझे सर "सर्व्हर डाउन आहे" म्हणतात तेव्हा दर वेळी सर्व्हरच डाउन असतो असं नाही हे त्यांना सांगायला ही गोष्ट उपयोगी पडेल, ती रात्र त्यांनाही आठवत असेल.

तुझ्या डोमेन लॉगिनचं दुखणं पण बहुतेक डीएनएसचंच. राउटर मशीनना डीएनएस म्हणून ८.८.८.८ देत असणार. आता ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज सर्व्हरवरची लॉगिनची व्यवस्था) डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) कुठे आहे ही माहिती त्याच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये असते, ८.८.८.८ ला तुझ्या कॉलेजचं डोमेन काय माहीत? मशीन विचारत राहते, वाट बघते, कंटाळून जुन्या साठवलेल्या पासवर्डवर आत सोडते, म्हणून वेळ. लॅबच्या मशीनना डीएनएस फक्त तुझ्या विंडोज सर्व्हरचा दे, दुसऱ्या ओळीत पण ८.८.८.८ ठेवू नकोस (बरेच जण "बॅकअपला" म्हणून ठेवतात, त्यानेच कधी चालतं कधी नाही असं होतं), आणि बाहेरच्या नावांसाठी विंडोज सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (स्वतःला माहीत नसलेलं नाव पुढे विचारायचा पत्ता) म्हणून ८.८.८.८ टाक. जमलं तर लॅबची डीएचसीपी राउटरवरून काढून विंडोज सर्व्हरवरच आण, फक्त तिथे लीज आपोआप आठ दिवसांची असते ते बघून घे.

घड्याळ पण बघ. डोमेनमध्ये मशीन आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जातं, तो नियमच आहे. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की दर सकाळी तारीख मागे जाते, मग लॉगिन पण अडतं आणि ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट चुकीचं म्हणतो. त्या एवढ्याशा सेलपायी लोक विंडोज फॉरमॅट मारतात.

आता शनिवारचा लिनक्स सर्व्हर. इथे तुला अगदी बारकाईने समजून घ्यायला हवं, कारण हे परत होणार आहे. तू लॉग फाइल आरएमने उडवलीस, एलएसने बघितलंस तर फाइल नाही, आणि डीएफ डॅश एच (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मात्र अजून १०० टक्केच म्हणतंय. लिनक्समध्ये फाइल डिलीट करणं म्हणजे फोल्डरमधलं तिचं नाव काढणं. पण जी प्रोसेस ती फाइल उघडून बसलीय, तुझ्याकडे बहुतेक वेब सर्व्हर किंवा ॲडमिशनचं ॲप, तिच्या हातात ती अजून आहे, ती त्यात लिहितेच आहे, आणि ती सोडेपर्यंत सिस्टीम डिस्कवरची जागा परत घेत नाही. रीस्टार्ट केलास तेव्हा ती प्रोसेस मेली, जागा सुटली. म्हणजे त्या दिवशी अख्खा सर्व्हर पाडायची गरज नव्हती, एलएसओएफ प्लस एल १ मारलं असतंस तर डिलीट झालेल्या पण उघड्या फाइलींची यादी आली असती, कुठल्या प्रोसेसची, किती मोठी सगळं, आणि तेवढी एक सर्व्हिस रीस्टार्ट करून भागलं असतं. त्याहून बरं म्हणजे चालू लॉग कधी आरएम करायचाच नाही, ट्रंकेट डॅश एस शून्य करायचा, फाइल तिथेच राहते आणि आतून रिकामी होते.

पण ट्रंकेट करायच्या आधी टेल मारून त्या लॉगच्या शेवटच्या शंभर-दोनशे ओळी वाच रे, ही माझी कळकळीची विनंती आहे. लॉग उगाच फुगत नाही. एकच एरर सेकंदाला दहा वेळा पडत असेल, किंवा बाहेरून कुणी लॉगिनचे प्रयत्न करत असेल. एसएसएचचा (दुरून लॉगिन करायचा) पोर्ट २२ इंटरनेटला उघडा असेल तर रूटच्या, म्हणजे मुख्य युजरच्या, नावाने दिवसभर प्रयत्न होत असतात, तो उघडा ठेवायचं काही कारण नसेल तर बंद कर, असेल तर पासवर्डने लॉगिन बंद करून की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) लाव. मग लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बदलून काढून टाकणारी सोय) नीट लावला आहे का बघ, बरेचदा ॲपवाल्या व्हेंडरने लॉग भलत्याच फोल्डरमध्ये ठेवलेला असतो आणि लॉगरोटेटला त्याचा पत्ताच नसतो.

डिस्कमध्ये जागा आहे आणि तरी "नो स्पेस लेफ्ट" आलं तर डीएफ डॅश आय बघ, आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी एक नोंद) संपलेले असतात, पीएचपीच्या सेशनच्या लाखो बारक्या फाइली साठल्या की होतं. आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या फोल्डरमधल्या बिनलॉग नावाच्या (डेटातल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या) मोठ्या फाइली दिसल्या तर हाताने उडवू नकोस, काहीही झालं तरी नाही. मायएसक्यूएल ८.० पासून ते आपोआप चालू असतात आणि ३० दिवसांचे साठतात, ते कमी करायचे तर मायएसक्यूएलच्या आत जाऊन पर्ज बायनरी लॉग्जची कमांड आहे तिनेच.

कुणी "पोर्टल उघडत नाही" म्हणून ओरडत आलं तर आधी विचार, स्क्रीनवर शब्द काय आहेत? कनेक्शन रिफ्यूज्ड असेल तर मशीन जिवंत आहे, सर्व्हिस बंद आहे, जा आणि ती सर्व्हिस बघ. टाइम्ड आउट असेल तर मशीनपर्यंत पोचतच नाहीये, फायरवॉल, केबल किंवा मशीनच बंद. हे दोन शब्द अर्धं काम करून देतात, स्टाफला सांगून ठेव की मेसेजचा फोटो पाठवा, "चालत नाही" असं नका पाठवू.

आता ज्याची मला खरंच काळजी वाटली ते. तुझ्या अख्ख्या पत्रात बॅकअप हा शब्द नाही. डिस्क पूर्ण भरलेली असताना डेटाबेस चालू होता आणि तू मशीन रीस्टार्ट केलीस, डेटाबेस नीट वर आला हे बरं झालं, दर वेळी येईलच असं नाही. त्या सर्व्हरवर पोरांचे ॲडमिशनचे अर्ज आहेत, फीच्या नोंदी आहेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये, जिथे प्रोग्रामर लोक आपला कोड ठेवतात, रात्री उशिरा एका इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर उडवला. ३०० जीबीच्या आसपास डेटा होता, लक्षात येऊन थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसच्या वेगळ्या व्हर्जनचा होता म्हणून फेल होत होता आणि फेल झाल्याचे ईमेल पण कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने दुसऱ्या कामासाठी सहज एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) काढून ठेवला होता, त्यावर सगळं निभावलं, तेवढ्या सहा तासांचा डेटा गेला. एवढी मोठी टीम, तरी कुणी रिस्टोअर करून बघितलं नव्हतं.

म्हणून तू याच आठवड्यात दोन एक्स्टर्नल डिस्क मागून घे, रोज रात्री डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) पडू दे, एक डिस्क सर्व्हरला आणि एक दुसऱ्या इमारतीत, दर आठवड्याला अदलाबदल, आणि महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या लॅब मशीनवर तो डंप चढवून बघ, ॲडमिशनची यादी उघडते का, शेवटची पावती दिसते का. चढवून बघितलेला नसेल तो बॅकअप मी मोजत नाही.

गिटलॅबचं अजून एक मला फार आवडतं. त्यांनी जे झालं ते सगळं जाहीर लिहिलं, दुरुस्ती चालू असताना लोकांना लाइव्ह दाखवली, आणि त्या इंजिनिअरचं नाव न घेता "टीम मेंबर १" एवढंच लिहिलं. दोष पद्धतीत शोधला. तुझ्या सरांनी हे करायला हवं होतं. आता ते झालं नाही तर तू तुझ्याकडून कर, एक पान लिहून त्यांना दे. काय झालं, किती वाजता, कशामुळे, आता काय केलंय, परत होऊ नये म्हणून काय लागेल. माफी मागत लिहू नकोस, तक्रार करत पण नको, जसं घडलं तसं. आणि त्याच पानावर शेवटी लिही की हे सगळं काम लॅब असिस्टंटच्या पदावरून चालू आहे, त्याची ऑर्डर निघावी आणि सुट्टीच्या दिवशी बघायला एक माणूस तयार करावा. तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही हे तुला कॉलेजात वेगळं सांगायला नको.

नव्या सर्व्हरचं म्हणशील तर आत्ता नको. तुझं एकही दुखणं सर्व्हर जुना झाल्यामुळे नाहीये, नवा आणलास तरी पोरांचे फोन तेवढेच आणि लॉग तसाच फुगणार. सर पैसे खर्च करायला तयार आहेत ही चांगली गोष्ट आहे, त्यांना नाही म्हणू नकोस, यादी बदलून दे. मॅनेज्ड स्विच, त्या बॅकअपच्या डिस्क, यूपीएसच्या बॅटऱ्या (लेड ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत उतरते, तुझ्या यूपीएसवर तारीख बघ, लाइट गेल्यावर सर्व्हर धाडकन बंद होत असेल तर डिस्कचं आयुष्य तिथेच चाललंय). आणि दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची लॅन केबल टाकलेली असेल तर तिथे फायबर टाकून घे. एक तर ती केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आणि आपल्याकडे मे महिन्याच्या वळवात वीज जवळ कडाडली की त्या केबलमधून झटका येऊन दोन्हीकडच्या स्विचचे पोर्ट जळतात, फायबर काचेचं असल्यामुळे त्यातून तसा येत नाही.

एकच जाड वही कर, सर्व्हरजवळ ठेव, तारीख, वेळ, काय दिसलं, काय बदललं. एका वेळी एकच बदल. दोन केलेस आणि बरं झालं तर कशाने झालं कळत नाही, बिघडलं तर कुठला मागे घ्यायचा कळत नाही.

उद्या अकराच्या सुमाराला ज्या मशीनचं नेट जाईल तिच्यावर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलचा फोटो काढ, शेजारच्या चालू मशीनचा पण काढ, आणि राउटरच्या क्लायंट यादीचा. तिन्ही पाठव मला, डीएचसीपी सर्व्हरची ओळ फोटोत स्पष्ट यायला हवी. राउटरचा पासवर्ड मात्र पाठवू नकोस, मलाच काय कुणालाच नको, तो पाकिटात सील करून सरांच्या कपाटात ठेव.